पंधरा किलोंचं सेरेंगेटी

सेरेंगेटीला जायचं, हे आमच्याकडे चार वर्षांपूर्वीच पक्कं झालंय. कधी जायचं, एवढंच राहिलं होतं.

टांझानियातलं हे राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे जवळजवळ अख्खा पुणे जिल्हा. जुन्नरपासून भोरपर्यंत सगळीकडे गवत आहे आणि त्यात आपण कुणालातरी शोधत फिरतोय, असं समजा. हे कुणीतरी म्हणजे विल्डबीस्ट, ऊर्फ नू. अंगाने गाय, शेपटीने घोडा आणि दाढीने बोकड. संख्या तेरा-चौदा लाख, शिवाय सोबतीला दोनेक लाख झेब्रे. एवढी मंडळी सापडणार नाहीत असं कसं होईल, हे मलाही वाटलं होतं. पण ती एका जागी बसत नाहीत. पावसामागे गवत आणि गवतामागे ही, असं वर्षभर गोल फिरणं चालू. आपल्या वारीला निदान आषाढी एकादशी तरी ठरलेली असते. यांना तिथी नाही.

आणि आमच्या घरात तर सगळं तिथीवर चालतं.

मे महिन्याची सुट्टी काढावी, तर मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस. काळ्या मातीत गाड्या रुततात आणि बऱ्याच तंबूवाल्यांनी गाशा गुंडाळलेला असतो. जुलै ते ऑक्टोबर कळप उत्तरेला मारा नदीवर. मगरी, उड्या, धुरळा, जे टीव्हीवर बघतो ते सगळं तिथलं. पण मध्ये आमचे गणपती आणि मग पितृपक्ष.

"पितृपक्षात कुठे निघालास नदी ओलांडायला?" आई म्हणाली.

"अगं, नदी ते ओलांडणार. आपण काठावरून बघायचं."

"आणि मगरीनं धरलेलंही बघायचं? पितृपक्षात?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत म्हणे कळप दक्षिणेकडे यायला निघालेले असतात. नेमके कुठपर्यंत आलेत ते त्या वर्षीचा पाऊस ठरवतो. उरला फेब्रुवारी. तेव्हा ते दक्षिणेला न्डुटूच्या माळावर असतात आणि दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात. वासरू काही मिनिटांत उभं राहतं आणि पळायला लागतं. (आमची कन्या रविवारी अंथरुणातून उठायला दोन तास घेते.) तिची यंदा नववी. पुढच्या वर्षी दहावी, मग अकरावी-बारावीचे क्लास, म्हणजे आता नाही तर चार वर्षं नाही. माझं मार्च एंडिंग तोंडावर असतं, पण साहेबांना घरचं बाळंतपण आहे असं सांगितलं. खोटं कुठे होतं? फक्त घर कुणाचं ते बोललो नाही.

मग खर्चाचा कागद आला. उद्यानाची फी माणशी, चोवीस तासांच्या हिशेबाने. लॉजिंगवाले चेकआउटला तास-दोन तास इकडेतिकडे करतात, तसं इथे नाही. त्यातून न्डुटूचा बराच भाग शेजारच्या गोरोंगोरो या राखीव क्षेत्राच्या हद्दीत येतो, त्याची फी वेगळी. कळपाला हद्द कळत नाही, पावतीपुस्तकाला कळते.

विमान नैरोबीमार्गे, म्हणून पीतज्वराची लस. ती निघायच्या दहा दिवस आधी तरी घ्यावी लागते, तिचा दाखला मात्र आता आजन्म चालतो. लग्नाच्या दाखल्यानंतर आमच्याकडे आजन्म चालणारा हा दुसराच कागद.

कपड्यांवरून वेगळंच. तिकडे त्सेत्से नावाची चावरी माशी आहे आणि तिला निळा नि काळा रंग प्रिय आहे. आमच्या कपाटात तेवढे दोनच रंग निघाले. बायकोने चौघांना खाकी घेतलं. सगळे घालून उभे राहिलो तेव्हा दूधवाला दारातूनच "साहेब, काय झालं?" म्हणाला.

दरम्यान काकांचा फोन. "वाघ दिसेल ना रे?" आफ्रिकेत वाघ नसतो, म्हटलं. बराच वेळ शांतता. मग, "एवढे पैसे घालून?" काका ताडोबाला तीनदा जाऊन आलेत. वाघ एकदाही दिसलेला नाही, पण तिथे तो असतो, हा त्यांचा मुद्दा.

खरी परीक्षा बॅगेची. अरुषा शहराहून उद्यानाच्या मध्यावरच्या सेरोनेराला गाडीने जायला जवळपास अख्खा दिवस मोडतो, म्हणून छोटं विमान घेतलं. त्यात माणशी पंधरा किलो, हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊच हवी. आमच्या सगळ्या बॅगा कडक, कारण तो चाकांचा सेट लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला स्वतःच स्वतःला दिलेला. तळमजल्यावरच्या रद्दीवाल्याकडून ताणकाटा मागून आणला. त्याने सवयीने विचारलं, "पेपर की पुठ्ठा?"

आईची बॅग काट्याला लावली. काटा हिंदकळला आणि साडेसतरावर थांबला. आत मेथीचे लाडू, दशम्या, मेतकूट, लसणाची चटणी आणि एक छोटा कुकर.

"आई, तिकडे चहा-चपाती सगळं मिळतं. त्यांच्या भाषेतसुद्धा चहाला चाय आणि चपातीला चपातीच म्हणतात."

"म्हणत असतील. करतात कशी?"

अडीच किलो काढायचे होते. आईने बॅग पलंगावर पालथी केली, एकेक वस्तू हातात तोलून बघितली. कुकर जड मनाने बाहेर आला. मग तिने माझी नवी दुर्बीण उचलली, जी मी हळूच तिच्या बॅगेत सरकवली होती.

"प्राणी गाडीच्या अगदी जवळ येतात म्हणालास ना?"

"येतात."

तिने दुर्बीण कपाटात ठेवली आणि कुकर परत आत गेला.