वहिनीचं हिमोग्लोबिन 7.4

सातव्या महिन्यात वहिनी भाजकी माती खात होती आणि आम्ही सगळे कौतुकानं बघत होतो. "डोहाळे लागल्यात पोरीला," म्हणत आईनं शेजारच्या काकूंकडनं भाजक्या मातीची ढेकळं आणली. मी पाटीवरच्या पेन्सिलींचा डबा आणून दिला. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो. माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटणं हे अंगातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असू शकतं. आम्ही त्याचं डोहाळजेवणात गाणं केलं.

तपासणीत हिमोग्लोबिन 7.4 आलं. गरोदर बाईचं निदान 11 तरी असावं लागतं आणि 7 च्या खाली गेलं की तो तीव्र रक्तक्षय. म्हणजे वहिनी अगदी काठावर होती. घरी येऊन फाईल उघडली, तर चौथ्या महिन्याच्या रिपोर्टवर 9.3 लिहिलेलं. तो कागद आम्हीच घडी घालून कपाटात ठेवला होता. घरात तीन शिकलेली माणसं, पण सगळ्यांनी एवढंच विचारलं होतं, "सोनोग्राफी चांगली आहे न्हवं?"

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमचं घर गरीब नाही. करवीर तालुक्यात चार एकर ऊस, गोठ्यात दोन म्हशी, दर रविवारी मटण. रक्त कमी असणं हे उपाशी घरचं दुखणं, असं मीही समजत होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा 50.4 होता, म्हणजे कमी व्हायचा सोडून वाढला. आपल्या महाराष्ट्रात 45.7. सबंध जगात तीन गरोदर बायकांमागं एकीपेक्षा जास्त, आणि त्यातल्या बहुतेक दक्षिण आशियातल्या नाहीतर आफ्रिकेतल्या. तिकडं मलेरिया आणि पोटातले जंतही रक्त खातात. आमच्या घरात काय खात होतं, ते सांगते.

रविवारचं मटण घ्या. पहिली पंगत बाबा, दादा आणि आलेला पाहुणा. त्यांच्या ताटात फोडी. बकऱ्याच्या रक्ताची रक्ती केली असेल तर तीही तिकडंच. मग पोरं. शेवटी आई आणि वहिनी बसायच्या तेव्हा पातेल्यात रस्सा आणि दोन हाडकं. पांढरा रस्सा पिऊन पोट भरतं, पण अंगाला पटकन लागणारं लोह असतं ते फोडीत आणि रक्तीत. वहिनीनं कधी तक्रार केली नाही. तिच्या माहेरीही असंच होतं. पाळी सुरू झाल्यापासून दर महिन्याला रक्त जातंय आणि ताटात उरलंसुरलं येतंय, अशा पोरीचं लग्न होतं, दिवस जातात आणि मग बाळंतपणापर्यंत अंगाला साधारण 1000 मिलिग्रॅम जादा लोह लागतं. ते आणायचं कुठनं?

गोळ्या होत्या. आशाताईंनी घरी आणून दिलेल्या, लाल, फुकट. 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड, रोज एक, 180 दिवस. पहिल्या आठवड्यात मळमळलं, शौचाला काळं झालं, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्या गोळ्यांनी बाळ काळं हुतंय." बाळाच्या रंगाचा आणि गोळीचा काडीचाही संबंध नाही. शौचाला काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळं. तरी वहिनी गोळी एक दिवसाआड घ्यायला लागली.

आणि घ्यायची ती कशी? आई मायेनं म्हशीच्या दुधाचा पेला भरून हातात द्यायची, "ह्याच्यासंगं गिळ." दुधातलं कॅल्शियम लोह शोषू देत नाही. वर कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी, आणि मग चहा. चहानं उरलेलंही जातं. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन पैलवान होतात, म्हणून दुधानं रक्त वाढतं असं आपण कोल्हापूरकर समजतो. दुधात लोह जवळजवळ नसतंच. गुळात लोह असतं, पण 7.4 वर गूळ-शेंगदाणे पुरे पडत नाहीत.

ह्या रोगाचा धसका मी घेतला तो बाळंतपणामुळं. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबियात रक्तक्षय असलेल्या बाळंतिणींचा मोठा अभ्यास झालाय. रक्त जितकं कमी, तितका बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव होण्याचा धोका मोठा, असं त्यात दिसलं. धडधाकट बाई जेवढं रक्त गेलं तर सावरते, तेवढ्यानं हिचा जीव जाऊ शकतो.

आमच्या उसात बीडकडनं ऊसतोडीची टोळी येते. त्यात पोटुशी बाईसुद्धा मोळी उचलते. गावातली तिची नोंद, तिचं कार्ड, तिची आशाताई, सगळं तिकडंच राहिलेलं. आमच्या वहिनीला निदान कपाटात रिपोर्ट तरी होता. टोळी आली की तिच्यातल्या पोटुशा बायका उपकेंद्रातल्या सिस्टरांना कळवणं फडमालकाला, म्हणजे आम्हाला, सहज जमण्यासारखं आहे. यंदा आम्ही ते करणार आहोत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं ट्रॅक्टरनं नेऊन आणता येतं.

वहिनीला दवाखान्यात सलाईनमधून लोहाची इंजेक्शनं दिली. घरी गोळी रात्री लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम सकाळी, चहा दोन तास लांब. दादानं मोबाईलवर गजर लावला आणि रविवारी स्वतः उठून तिचं ताट आधी वाढलं. बाबा एक शब्द बोलले नाहीत, आईला मात्र ते दोन रविवार जड गेलं. बाळंतपणाच्या आधी हिमोग्लोबिन 10.2 पर्यंत आलं. मुलगी झाली, 2 किलो 800 ग्रॅम.

बाळंतपणानंतरही 180 दिवस गोळ्या घ्यायच्या असतात, हे आमच्याकडं कुणालाच माहीत नव्हतं. सव्वा महिना झाला की बंद, असंच वाटत होतं. आज वहिनीची 63 वी गोळी. दादाचा गजर रात्री नऊला अजून वाजतो.