सागवानाची समजूत

नव्वदच्या दशकात पुण्यातील मध्यमवर्गीय गृहस्थ घराचे हप्ते भागवून उरलेले पैसे एक तर मुलांच्या क्लासमध्ये घालत असे, नाहीतर दिवाणखान्याच्या भिंतीवर. आमच्या कोथरूडच्या घरी बाबांनी भिंतीच्या बाबतीत कसूर केली नाही. जमिनीपासून छतापर्यंत गडद तपकिरी पॅनेलिंग, त्यात वीतभर अंतरावर उभ्या खाचा, मधून जाणारी पितळी पट्टी आणि कोपऱ्यात त्याच लाकडाचे शोकेस, असा तो थाट होता. या खोलीत दोन ट्यूबलाइट लावल्या तरी भर दुपारी दिवेलागणीची वेळ वाटे.

ही भिंत पांढरी करण्याचा विचार मी बोलून दाखवला, तेव्हा आईने "सागवानाला रंग फासणार?" असे विचारले आणि बाबांनी वर्तमानपत्राचे पान काहीही न वाचता उलटले. शेजारच्या काकांनी येऊन बोटाच्या पेराने पॅनेल ठोकले व ते अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. वस्तुतः स्विचबोर्ड काढल्यावर जे भोक दिसले, त्यात सगळी कथा उघडी पडली होती: आठ बाय चार फुटांचे साधे प्लायवूड आणि त्यावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा सागाचा पापुद्रा. मी तो बाबांना दाखवला. "अर्धा मिलिमीटर असला, तरी तो सागच आहे ना?" असे ते म्हणाले आणि या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

रंगाऱ्याचा आत्मविश्वास मात्र अथांग होता. "साहेब, दोन हात मारतो, लाकूड होतं हे विसरून जाल," असे सांगून त्याने कोपऱ्यात नमुन्यादाखल एक पट्टा ओढला. वाळल्यावर आईने नख लावले आणि तो पट्टा सोलून अखंड हातात आला. मग जुने पॉलिश कशाचे आहे, हे पाहण्यासाठी स्पिरिटचा बोळा फिरवला. पृष्ठभाग चिकट झाला, म्हणजे ते लाखेचे होते. मेलामाइनचे असते, तर स्पिरिटला त्याने दाद दिली नसती. आता घासण्याला पर्याय नव्हता. आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर आणि मग 220 नंबरचा, तोही हलक्या हाताने, कारण अर्धा मिलिमीटर संपला की खाली प्लायवूड वाट पाहत असते. सपाट भागावर रंगाऱ्याचे यंत्र भराभर चालले. खाचांत ते शिरत नसल्यामुळे पॉलिश पेपरची घडी घालून खाचा घासण्याचे काम घरमालकाकडे, म्हणजे माझ्याकडे, आपोआप चालत आले. त्या तपकिरी भुकटीने पडदे, देव्हारा, टीव्हीची मागची बाजू आणि झाकून ठेवलेले पोहे यांत कोणताही भेदभाव केला नाही.

प्राइमर लागला, वर पांढऱ्या रंगाचा पहिला हात बसला आणि सकाळी उठून पाहतो, तर भिंतीवर पिवळट तपकिरी डाग उमटलेले! सागाच्या अंगात तेल आणि रंगद्रव्ये असतात. पाण्यात कालवलेला रंग लागला की ती विरघळून वर येतात. रंगाऱ्याने आणखी एक हात मारला, डागांनीही आणखी एक हात मारला. लग्नात रुसलेल्या मामाप्रमाणे ते लाकूड प्रत्येक मनधरणीनंतर नव्याने तोंड वर काढत होते.

यावरचा उपाय हार्डवेअरच्या दुकानातील वयस्कर गृहस्थांनी सांगितला आणि तो ऐकून मला भिंतीवर डोके आपटावेसे वाटले. मेण काढलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा एक हात डागांवर द्यायचा. ती आतले आत ठेवते आणि वर रंग धरते. झारखंडात पळस-बोरीवर किड्यांनी तयार केलेली जी लाख खरवडण्यासाठी मी खाचाखाचांत बोटे झिजवली होती, तीच मी आता पैसे मोजून घरी आणत होतो. बाबा या प्रसंगी अनेक दिवसांनी मनापासून हसले.

उपाय लागू पडला. डाग दबले, पांढऱ्याचे दोन हात नीट बसले आणि दुपारी दिवे न लावता वर्तमानपत्र वाचता येऊ लागले, हे बाबांनीही नाइलाजाने मान्य केले. शोकेसच्या दाराची आतली बाजू मात्र त्यांनी रंगवू दिलेली नाही. पाहुणे आले की चहा येण्याआधी ते दार उघडले जाते आणि पाहुण्यांना पेराने ठोकून पाहण्याचा आग्रह होतो.