'स्वभावाला औषध नाही' हे आता ऐकवत नाही

आज दुपारपासून डोकं तापलंय. साताऱ्यात एका डोहाळजेवणाला गेले होते. ओटी भरणं चाललं होतं आणि फुलांचा कमरपट्टा घरी फ्रीजमध्येच राहिलाय हे लक्षात आलं. नवरा भर हॉलमध्ये, पन्नास बायकांसमोर तिच्यावर ओरडला, "एक काम धड येत नाही! अक्कल गहाण टाकलीस का?" सातव्या महिन्यातल्या मुलीवर! ओटीतले तांदूळ सांडू नयेत म्हणून तिने दोन्ही हातांनी पदर धरला होता. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

आणि शेजारची बाई मला म्हणते, "रागीट आहे, पण मनाने चांगला आहे हो. स्वभावाला औषध नाही."

ऑफिसात साहेबापुढे कुठे जातो हा स्वभाव? तिथे बरोबर आवरतो. कुणापुढे गिळायचा आणि कुणावर काढायचा, हे रागाला पक्कं ठाऊक असतं.

मी आमच्या घरातली ती वाटी विसरलेले नाही. 2009 साल. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ह्यांनी वाटी भिंतीवर भिरकावली. त्याआधी दोनदा असंच झालं होतं, दोन्ही वेळा रात्री उकिडवी बसून मीच पुसलं होतं. त्या दिवशी नाही पुसलं. म्हटलं, "हे तुम्ही पुसायचं. आणि यापुढे आवाज चढला की मी त्या खोलीत थांबणार नाही. उतरला की बोलू." हातपाय कापत होते माझे. सासूबाई फडकं घेऊन उठल्या, त्यांना हाताला धरून बसवलं. भिंतीवर पिवळा ओघळ तसाच सुकला, कढीपत्त्याचं पान चिकटलेलं. आलागेला बघायचा.

राग काही एका दिवसात गेला नाही. आवाज चढायचा, मी गच्चीवर जायचे. एकदा डिसेंबरच्या थंडीत तासभर बसले होते. पण गेले, दर वेळी गेले.

मान्य, बायकाही नवऱ्याला चारचौघांत वाटेल ते बोलतात. तेही वाईटच. आणि समोरचा हात उगारणारा असेल तर भिंत कोण पुसणार यावर अडून बसू नका गं, आधी तिथून निघा, 181 या महिला हेल्पलाइनला फोन लावा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त मारहाणीसाठी आहे असं समजू नका. अपमान, शिवीगाळ, मूल होत नाही, मुलगा होत नाही म्हणून टोचून बोलणं, हे सगळं त्यात हिंसाचारच धरलंय.

खरं सांगू? त्या नवऱ्यापेक्षा जास्त राग आमचा आलाय. पन्नास बायका, एकीच्या तोंडून "अरे, हळू" निघालं नाही. माझ्याही नाही. वाटीचं एवढं सांगणारी मी, हातात ओटीचं ताट घेऊन नुसती उभी राहिले. निदान जवळ जाऊन तिचा पदर धरायचा, तिला डोळे पुसू द्यायचे. तेवढंही सुचलं नाही मला.

हे टाकायच्या आधी ह्यांना वाचायला दिलं. वाटीचं लिहिलंय, चालेल का विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिसऱ्या दिवशी पुसलं मी, पण डाग गेला नव्हता. भिंतीला रंग देईपर्यंत जेवताना समोर दिसायचा. हेही लिही."