एसी नाही, कुलर आहे

काळ्या मातीत मोठं झाड घराच्या भिंतीपासून 25 फूट लांब लावा, नाहीतर भिंतीला तडे जातात, असं मी 'घरापासून झाड किती लांब' या लेखात लिहिलं होतं. त्यावर परवा एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली. म्हणणं असं: सोलापूरच्या 43-44 अंशांत झाडं लांब लावा म्हणणं पाप आहे, भिंत तडकते ती काळ्या मातीत उथळ पाया घेतल्याने, बिचाऱ्या झाडाने नाही, 30 बाय 40 च्या प्लॉटमध्ये 25 फूट आणायचे कुठून, आणि शेवटी, "एसीत बसून लिहिणाऱ्यांना सावलीची किंमत काय कळणार?"

मतभेद असू द्या. पण हे शेवटचं वाक्य कशासाठी, ओ?

आमच्याकडे एसी नाही. कुलर आहे, आणि त्याचा वाळा दर मार्चला मी स्वतः बदलतो. वडिलांनी जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा आजूबाजूला बोडका माळ होता. दारात गुलमोहर लावला तो त्यांनी, जगवला मी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, म्हणून भांडी धुतलेलं पाणी बादलीत साठवून संध्याकाळी त्याला घालायचो. शाळेतून आल्यावर पोरं खेळायला जायची आणि मी बादली उचलायचो. तेव्हा सावलीची किंमत मला शिकवू नका.

हा गुलमोहर भिंतीपासून 8 फुटांवर होता. पुढे स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला. वडील तड्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी महिना लिहायचे. मे महिन्यात आत रुपयाचं नाणं उभं जायचं, सप्टेंबरात नखसुद्धा जाईना. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. झाड आपल्या बाजूची ओल ओढून घेतं, तिथली माती जास्त आकसते आणि पाया त्या कोपऱ्याला बसतो. मुळं भिंतीला धडका मारतात असं मी कुठंही लिहिलेलं नाही. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं. ड्रेनेजचं चेंबर उघडलं तेव्हा पाईपच्या सांध्यातून आत शिरलेल्या बारीक मुळांचा जुडगा निघाला, पाटीभर. तो मी या हातांनी ओढलाय.

आमचा पाया अडीच फूटच होता, मुरमापर्यंत गेला नव्हता, हे खरं. समोरच्या घरालाही तडा होता आणि तिथं झाड नव्हतं, पण तो विषय वेगळा, त्यात शिरत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य. काळ्या मातीतलं मोठं झाड एकदम तोडलं तर ती ओल शोषणारं कुणी उरत नाही, माती उलट फुगते आणि पाया वर उचलला जातो. हे लेखात यायला हवं होतं. शिवाय 1975 च्या झाडांच्या कायद्याने शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, तेव्हा माझा लेख वाचून कुणी कुऱ्हाड घेऊन निघू नये. आम्हीही परवानगी काढूनच गुलमोहर उतरवला.

प्लॉट लहान असेल तर लिंबू लावा, कढीपत्ता लावा. त्यावर आणखी काय बोलायचं?

आता कंपाउंडच्या कोपऱ्यात कडुनिंब आहे. हे उत्तर त्याच्याच सावलीत बसून लिहितोय, वाटल्यास येऊन बघा. भिंतीपासून 20 फूट. पाच कमी पडले, कारण प्लॉटच तिथं संपतो.