कापसाच्या खोलीतून बोलतोय

को-वर्किंग, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी नोकरीला असलेल्यांनी पैसे भरून एकाच जागेत आपापलं काम करत बसणं, हा प्रकार निघाला अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला. २००५ साली ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरला वाटलं, ऑफिसात जावं तर साहेबाची कटकट आणि घरून काम करावं तर बोलायला चिटपाखरू नाही. म्हणून त्याने आठवड्यातून दोन दिवसांसाठी एक जागा घेतली, टेबलं मांडली आणि वाट पाहत बसला. सुरुवातीला म्हणे कोणी फिरकलंच नाही.

आमच्या गावात त्याची ही गैरसोय झाली नसती. आर्वीकडच्या आमच्या गावी जुन्या वाड्यावर ‘को-वर्किंग आणि क्लब हाऊस’ अशी पाटी लागली आणि तिचा रंग वाळायच्या आत निम्मं गाव ओसरीवर येऊन बसलं. काम कोणालाच नव्हतं. काम फक्त मला होतं, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच.

वाडा आजींचा, क्लब हाऊस त्यांच्या नातवाचं. तो पुण्याची नोकरी सोडून आला तो डोक्यात हे घेऊनच. महिन्याचे सहाशे रुपये, त्यात दोन वेळचा चहा आणि रांजणाचं पाणी. त्याने खोल्यांवर पाट्या लावल्या : ओसरी म्हणजे ‘ओपन डेस्क’, बैठक म्हणजे ‘लाउंज’, माजघर म्हणजे ‘क्वाएट झोन’. या क्वाएट झोनमध्ये उन्हाळाभर आजी आणि आळीतल्या बाया कणकेचे सरगुंडे वळत बसतात. हात सरगुंड्यांवर, तोंड गावभर. कोणाच्या सुनेने माहेरी काय नेलं याची इतकी सविस्तर माहिती गावात दुसऱ्या कोणत्याच ठिकाणी मिळत नाही. मी एकदा पाटीकडे बोट दाखवलं, तर आजी म्हणाल्या, “आमी का भांडून राह्यलो का बाबू? बोलूनच तं राह्यलो!”

ओसरीवर बंगई आहे. वाड्यातली सर्वांत चांगली जागा तीच, म्हणून ती रिकामी कधीच नसते. निवृत्त गुरुजी सकाळी पेपर घेऊन बसतात ते जेवायलाच उठतात. झोका मारला की कड्या कर्रर्र वाजतात. मी मीटिंगमध्ये असलो की हा आवाज थेट पुण्याला, माझ्या ऑफिसात पोचतो. “तुमच्याकडे कुणी दार उघडतंय का सारखं?” मॅनेजरबाईंनी विचारलं. मी म्हटलं, “नाही मॅडम, गुरुजी अग्रलेख वाचताहेत.”

राउटर देवघरात आहे. इन्व्हर्टरचा पॉइंट नेमका तिथेच निघाला, त्याला नातवाचा नाइलाज. पण एकदा देवघरात गेलेली वस्तू आजींच्या ताब्यात जाते. राउटरच्या दोन्ही अँटेनांना हळदकुंकू लागलेलं आहे, मध्ये एक वाळकं झेंडूचं फूल, आणि हिरवा दिवा लुकलुकत असला की आजी समाधानाने मान डोलावतात. नेट अडकलं तर तो बंद करून चालू करायचा असतो हे मला ठाऊक आहे, पण त्याला हात लावायचा तर आधी आंघोळ. मी सकाळीच आंघोळ करून येतो हे त्यांना पटत नाही, कारण त्यांनी पाहिलेली नाही. “देवापाशी असा कसा जाशीन बापू?” म्हणून वाड्याच्या न्हाणीत दोन तांबे पाणी अंगावर घ्यायचं, ओल्या केसांनी रीस्टार्ट करायचा आणि मीटिंगला परतायचं. पुण्यात समज झाला आहे की मला फार घाम येतो.

तसा तो येतोही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा बैठकीच्या खिडकीत बसवलेला कूलर हाच खरा क्लब. टाकीत पाणी भरायची पाळी मात्र सगळ्यांची, आणि वाड्यातलं एकमेव सहकार्य तेवढंच. कूलर सुरू झाला की मॅनेजरबाई हळहळतात, “अरे वा, तुमच्याकडे पाऊस? आमच्याकडे नुसता उकाडा!” आता मी समजावत नाही. हो म्हणतो. कधी कधी गाराही पाडतो.

पण खरा त्रास वेगळाच. गावात ज्याच्यापुढे लॅपटॉप उघडा, तो सेतू केंद्रवाला. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, हे मी जीव तोडून सांगितलं. त्यावर एक काका म्हणाले, “मंग बराबर हाये. माह्या सातबाऱ्यात चूक हाये, शोधून दे.” किसान सन्मानच्या हप्त्याचं केवायसी, आधारला मोबाइल जोडणं, नातवाच्या नवोदयचा फॉर्म, सगळं माझ्याच टेबलावर. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणीचं, म्हणजे सातबाऱ्यावर पीक चढवायचं, अ‍ॅप आलं, त्यात पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. त्यामुळे एकदा प्रॉडक्ट रिलीजची मीटिंग मी कानात इअरफोन घालून तुरीच्या धुऱ्यावरून केली, आणि एका हाताने काकांच्या कपाशीचा फोटो काढला. रिलीज पुढे ढकलली गेली. काकांची कपाशी मात्र वेळेत चढली.

तात्पर्य, शहरात लोक सोबतीसाठी पैसे भरतात. आमच्याकडे सोबत फुकट आणि चोवीस तास मिळते. सहाशे रुपये मी भरतो ते आतून कडी लागणाऱ्या दारासाठी. तशी दारं वाड्यात दोनच : एक न्हाणीचं, दुसरं कापसाच्या खोलीचं.

२०२२ साली कापसाने क्विंटलला दहा हजारांची वेस ओलांडली, तेव्हापासून दरवर्षी लोक भाव येईल म्हणून कापूस घरातच भरून ठेवतात. वाड्यातली मागची खोली छतापर्यंत भरलेली. नातवाने तिलाही पाटी लावली, ‘फोन बूथ’. आणि देवाशपथ सांगतो, तसा फोन बूथ मुंबईतल्या काचेच्या इमारतींतही नसेल. दार लोटलं की गुरुजी, बाया, कूलर, सगळं एका दमात बंद. कापूस आवाज गिळून टाकतो. माझाही गिळतो, त्यामुळे ओरडावं लागतं, पण ओरडलेलं बाहेर जात नाही.

फक्त खाज. दाबून ठेवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि अंगावर लाल पुरळ येतं. पाचव्या मिनिटाला मान, दहाव्याला पाठ. व्हिडिओ चालू असला की हात टेबलाखाली ठेवून खाजवायची कला साधावी लागते. बाहेर आलो की केसांत, भुवयांत, कॉलरवर सरकी सुटलेले पुंजके. “काय गा, म्हतारा होऊन आला का अंदरून?” ओसरीवरून हमखास प्रश्न येतो.

फोनसाठी वेगळी जागा ही कल्पना आमच्या जिल्ह्याला नवी नाही. सेवाग्रामच्या आश्रमात व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोन आजही पाहायला मिळतो, आणि साप पकडायचा लाकडी चिमटाही. आमच्या फोन बूथमध्ये नेमका तो चिमटा ठेवायचा राहिला. ते कळलं तेव्हा मी तिमाहीचा आढावा देत होतो. उरलेला आढावा मी टेबलावर उभं राहून दिला. ‘आत्मविश्वास वाढलाय’ असा शेरा मिळाला.

यंदाच्या लग्नसराईत नातू म्हणाला, “भाऊ, दोन दिवस वाडा जानोशाला दिला. तुमची मेंबरशिप चालूच हाये, तुमी वऱ्हाडातच बसा.” वऱ्हाड रात्री उतरलं. गाद्या पडल्या, लाउंजमध्ये पत्ते सुरू झाले, आणि नवरदेवाच्या मित्रांना एकाच गोष्टीची तहान लागली : वाय-फाय. पासवर्ड बदललेला, आणि नवा एकट्या आजींकडे, देवघरातल्या पोथीत.

“देते न, कायले नाई देऊ? आंघोळ करून या.”

सकाळी सहाला न्हाणीपुढे तांबे घेऊन रांग लागली. नवरदेवाचे मामा, आत्येभाऊ, बँडवाले, सगळे सात वाजता ओल्या केसांनी तयार. आमच्या भागात बारा वाजताचं लग्न चारच्या आत लागलं तर लोक पत्रिका पुन्हा काढून पाहतात. हे बाराला बारा वाजता लागलं. निम्मे पाहुणे गावात पोचायचे होते, आणि आचाऱ्याची आलूवांग्याची भाजी अजून शिजायचीच होती.