मागे 3.73, पुढे 5.38, आणि म्हणे गाडी पळते!

जुन्या जीप-पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. "मागच्या हाउसिंगमधली 5.38 ची क्राउन-पिनियन काढा, 3.73 ची टाका. मायलेज दीडपट, ओढ वाढते, पुढच्या अ‍ॅक्सलला हात लावायची गरज नाही, कुठलाही मेकॅनिक अर्ध्या दिवसात बसवून देतो, मीटरही तसाच चालतो." क्राउन-पिनियन म्हणजे अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमधली दात्यांची जोडी; 5.38 म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला अ‍ॅक्सलकडे येणाऱ्या शाफ्टचे 5.38 फेरे. हा मेसेज मी वाचून सोडून दिला असता. पण तो कोल्हापूरच्या आमच्या मामांपर्यंत पोहोचला आणि मामांनी सेटसाठी आगाऊ पैसेसुद्धा देऊन टाकले. त्यांची गाडी फोर-बाय-फोर एफसी-150. विलीजचं डिझाइन, महिंद्रानं आपल्याकडे 1965 पासून काढलेलं. माल भरून ती फोंडा घाट चढते. फोनवर समजावून झालं, "पण मेसेजमध्ये तर..." संपेना. म्हणून हे लिहितोय.

आधी पुढच्या अ‍ॅक्सलचं बोलू, कारण गाडी तिथंच मोडणार आहे.

फोर-व्हील टाकलं की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागचा, ताकद दोन्ही अ‍ॅक्सलांना वाटणारा डबा) पुढचा आणि मागचा, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगानं फिरवते. मागे 3.73 असेल तर चाकांच्या 100 फेऱ्यांना शाफ्टचे 373 फेरे होतात. तेच 373 फेरे पुढच्या 5.38 मधून गेले की पुढची चाकं जेमतेम 69 वेळा फिरणार. उरलेले 31 फेरे कुठं जाणार? डांबरावर टायर घसरत नाही, म्हणजे सगळा पीळ जॉइंटवर, शाफ्टवर आणि ट्रान्सफर केसच्या दात्यांवर. चिखलात टायर घसरून थोडी सुटका होईल, पण तिथं मागची चाकं ढकलणार आणि पुढची पाय रोवून बसणार. एकाच जुवाला एक बैल चालणारा आणि एक आडमुठा जुंपल्यावर जे होतं तेच.

"फोर-व्हील कधीतरीच लागतं," असं मेसेजवाला म्हणतो. कधी लागतं? भर पावसात, बांधावर, माल भरलेला असताना. आणि या गाडीच्या स्पायसर 18 ट्रान्सफर केसमध्ये पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो गिअर (ट्रान्सफर केसचा जास्त ओढीचा, संथ गिअर) पडतच नाही. म्हणजे मागचीच क्राउन बदलली की फोर-व्हीलबरोबर लो गिअरही गेला. रेशो किंचित वेगळे चालतात, हे खरं आहे, मान्य. पुढे 4.09 नि मागे 4.10 अशा फोर-बाय-फोर गाड्या कारखान्यातूनच निघाल्यात. तो फरक पाव टक्क्याचा. इथं 31 टक्के आहे हो!

आता "ओढ वाढते". हे सरळ उलटं आहे. आकडा लहान झाला की चाकाला मिळणारी ओढ कमी होते, इथं साधारण तीस टक्क्यांनी. विलीजचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून बघा: टी-90 गिअरबॉक्सचा फर्स्ट 2.798, सेकंड 1.551, टॉप सरळ एकास एक. सेकंडला 5.38 नं गुणलं की 8.34 येतात, घाट त्याच सेकंडवर चढतो. 3.73 टाकल्यावर त्याच सेकंडचे उरतात 5.78, म्हणजे जवळजवळ जुना टॉपच. भरल्या गाडीनं घाटात टॉप टाकून बघा एकदा. मग उरतो फर्स्ट, आणि टी-90 च्या फर्स्टला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडायची सोय) नाही. चढावर, मागे एसटी हॉर्न वाजवतेय, तेव्हा गाडी जवळपास थांबवून फर्स्ट टाकायचा. मामांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा गप्प झाले.

मायलेज दीडपट कुठून आलं तेही लक्षात आलं: 5.38 भागिले 3.73, उत्तर 1.44. इंजिनाचे फेरे कमी झाले म्हणजे पेट्रोल तेवढ्याच पटीनं वाचलं, असा हिशोब! वारा कापायला आणि वजन ओढायला लागणारी ताकद तेवढीच राहते. फेरे कमी झाले की अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो, एवढंच. थोडं पेट्रोल वाचेल सपाटीवर. दीडपट नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य करतो. हायवेवर 5.38 खरंच छोटा पडतो. टायरचा एक फेरा सव्वादोन मीटरचा धरा. ताशी 60 ला इंजिन 2400 आरपीएमवर, 80 ला 3200 च्या आसपास. लांब स्ट्रोकचं जुनं एफ-हेड इंजिन, त्याचा पूर्ण टॉर्क 2000 लाच मिळतो. 80 नं तासभर पळवणं म्हणजे छळ आहे. तक्रार खरी आहे, औषध चुकीचं.

"अर्ध्या दिवसात बसते" हेही खोटं. मागचा अ‍ॅक्सल डाना 44 आहे, आणि त्यात 3.73 पर्यंतची क्राउन एका कॅरिअरवर (क्राउन धरणाऱ्या सांगाड्यावर), 3.92 पासून वरची दुसऱ्या कॅरिअरवर बसते. म्हणजे कॅरिअरही बदला. पिनियनच्या तोंडावर कोरलेला आकडा बघून शिम (पातळ चकत्या) घालायचे, दात्यांमधला प्ले (ढिलेपणा) तपासायचा, दात्यांना रंग लावून मार्किंग काढायचं. हे टाळलं की हाउसिंग ओरडतं.

मीटर? त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, अ‍ॅक्सलच्या आधी. गाडी 60 नं पळेल तेव्हा काटा 42 च्या आत असेल. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातील, म्हणजे मीटरवरून काढलेलं मायलेज आधीपेक्षा वाईट दिसायला हवं. मेसेजवाल्यानं दीडपट नेमकं कशावर मोजलं, देव जाणे.

मामांना सांगितलंय, आगाऊ पैसे परत मागा. हायवे फारच असेल तर 4.88 घ्या, पण पुढे आणि मागे दोन्हीकडे. 80 ला आरपीएम 2900 वर येतात, आणि घाटातला सेकंड 7.57 म्हणजे अजून कामाचा राहतो. त्याआधी गाडीत आत्ता काय आहे ते मोजा, कारण इतक्या वर्षांत कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही. गिअर न्यूट्रलला, मागचं एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर ओट (हलू नये म्हणून दगड) लावून. वरचं चाक बरोबर दोनदा फिरवा आणि शाफ्टला खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. पाच आणि वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त आलं तर 5.38, पाचला थोडं कमी पडलं तर 4.88. मग पुढच्या अ‍ॅक्सललाही तेच करा.