आत्याला रिझ्युम नाही

जुन्या लॅपटॉपवर विंडोज रांगायला लागली, म्हणून तिच्या जागी उबंटू ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं. फाइल पावणेसहा जीबीची. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात नेटचा वेग सेकंदाला २०० केबी, म्हणजे हिशोबानं आठ तास. सकाळी देवाचं नाव घेऊन डाउनलोड सुरू केलं. संध्याकाळी ९७ टक्क्यांवर लाइट गेली. दोनच मिनिटं गेली, पण ब्राउझरनं तेवढ्यात हात वर केले. दुसऱ्या दिवशी ८१. तिसऱ्या दिवशी मी आकड्याकडे बघायचंच सोडलं.

शेवटी भाच्यानं फ्री डाउनलोड मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. "मामा, तुटलं तिथनं हा पुढं उचलतो."

या सोयीला 'रिझ्युम' म्हणतात. त्यात जादू काही नाही. किती बाइट पदरात पडले ते हा लिहून ठेवतो आणि सर्व्हरला, म्हणजे फाइल जिथनं येते त्या कॉम्प्युटरला, सांगतो, इथवर पोचलंय, पुढचं दे. सर्व्हर समजूतदार असला तर '२०६' असं उत्तर देऊन पुढचा तुकडा धाडतो. नसला तर '२००' म्हणून पहिल्यापासून दळण. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीत ही सोय १९९७ पासून आहे. मिरजेच्या आमच्या आत्यात अजून आलेली नाही. तिचा फोन मध्येच कटला की पुन्हा लावून ती, "हां, तर परवा सकाळी मी उठले..." इथूनच सुरू करते. परवाची सकाळ मी आजवर चार वेळा ऐकली. दुपार एकदाही नाही.

मॅनेजर फाइलचे तुकडे करून एकदम आणतो, हे कळल्यावर मला हाव सुटली. मार्केट यार्डात हळदीची गाडी एका हमालानं उतरवण्यापेक्षा आठांनी उतरवली तर लवकर होणारच की! लावले आठ. वेग २०० चा २०० च. सर्व्हर प्रत्येक हमालाला मोजून पोती देत असेल तर जास्त हमालांचा उपयोग. इथं आमचा बोळच एका पोत्याएवढा. आठही जण बोळाच्या तोंडाशी खोळंबलेले.

मग रात्रीची वेळ लावली. पण आमचे अण्णा साडेदहाला गॅस, नळ आणि राउटर या क्रमानं बंद करतात. रात्रभर दिवा जळालेला त्यांना खपत नाही. बटणावर मी 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. अण्णांनी चष्मा लावून ती वाचली आणि बटण बंद केलं.

सकाळी राउटर चालू झाला आणि मॅनेजर मुकाट्यानं ३८ टक्क्यांवरून पुढं निघाला. मी आनंदानं ओरडलोच. अण्णा चहा ओतत म्हणाले, "रात्री जरा विश्रांती मिळाली ना त्याला, म्हणून."

आता साडेदहाला ते बटणापाशी उभे राहून आधी विचारतात, "किती टक्क्यांवर बंद करू?"